हायजिया सापडत नाही? दुर्बीण बदलण्याआधी हे तपासा

दहा क्रमांकाचा लघुग्रह हायजिया साधारण साडेचौदा महिन्यांनी प्रतियुतीत येतो, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या समोरच्या बाजूला येतो, आणि प्रत्येक वेळी हौशी निरीक्षकांमध्ये तोच प्रश्न फिरू लागतो. अ‍ॅपमध्ये दाखवतंय तिथे दुर्बीण लावली, तिथे काहीच नाही, आमची दुर्बीण लहान पडते का?

बहुतेक वेळा नाही. प्रतियुतीत हायजियाची प्रत (तेजाचा आकडा; जितका मोठा तितकी वस्तू मंद) ९ ते १० च्या आसपास असते. १३० किंवा १५० मिलिमीटर आरशाच्या साध्या दुर्बिणीतून पुण्याच्या उपनगरातल्या गच्चीवरूनही या प्रतीचा तारा दिसतो. तो दिसत नसेल तर दोनच शक्यता उरतात. एक तर दुर्बीण थोडी बाजूला रोखली आहे, नाहीतर तो नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) आहे आणि ओळखू येत नाही. दुसरी शक्यता लोकांना वाटते त्यापेक्षा फार जास्त वेळा खरी असते. दोन्हींवरचा उपाय कागद-पेन्सिल आणि घड्याळ यांच्याकडे आहे, नवीन दुर्बिणीच्या दुकानात नाही.

काय शोधतो आहोत

हायजियाचा व्यास सुमारे ४३४ किलोमीटर. सेरेस, व्हेस्टा आणि पॅलास यांच्यानंतर मुख्य पट्ट्यातला हा चौथा मोठा पिंड. सूर्यापासून सरासरी ३.१४ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर), म्हणजे पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला, तो साडेपाच वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. पृष्ठभाग कार्बनयुक्त आणि काळपट आहे. पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ६-७ टक्के तो परत पाठवतो. व्हेस्टा यापेक्षा फार मोठा नाही, पण तो ४० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परावर्तित करतो आणि सूर्यापासून जवळही आहे. म्हणून चांगल्या प्रतियुतीत व्हेस्टा काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. आयरिस तर हायजियाच्या निम्म्याहूनही लहान आहे, तरी चांगल्या वर्षी सातव्या प्रतीच्या आत येतो. त्यामुळे ‘एवढा मोठा आहे म्हणजे ठळक असेल’ हा हिशोब इथे चालत नाही.

हा गोंधळ जुना आहे. अ‍ॅनिबाले दे गास्परिस यांनी १२ एप्रिल १८४९ रोजी नेपल्सच्या वेधशाळेतून हायजिया शोधला, तोपर्यंत त्याच्याहून कितीतरी लहान असलेले अ‍ॅस्ट्रिया, हेबे, आयरिस, फ्लोरा आणि मेटिस सापडून गेले होते. चौथा मोठा पिंड दहावा सापडला.

काहींना नेत्रिकेत काळा ठिपका किंवा निदान छोटीशी चकती दिसेल अशी अपेक्षा असते. पृथ्वीच्या सर्वात जवळ असतानाही हायजियाची चकती एक-तृतीयांश कोनीय सेकंदाएवढीच (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असते. चिलीमधल्या ८.२ मीटरच्या व्हीएलटी दुर्बिणीवर वातावरणाची थरथर दुरुस्त करणारी यंत्रणा लावल्यावर तिचा आकार दिसला. आपल्याला दिसणार तो फक्त एक बिंदू, शेजारच्या ताऱ्यासारखा. रंग नाही, चकती नाही, लुकलुकण्यातही फरक नाही. हे आधी मनाशी पक्कं केलं की निम्मा त्रास संपतो.

तारीख

लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडून मागवलेल्या जागांच्या तक्त्यात काही बदललं नाही, तर रोजची एक ओळ मिळते आणि ती ० तास जागतिक वेळेची (ग्रिनिचच्या वेळेची) असते. म्हणजे आपल्या घड्याळात त्या तारखेची पहाटेची साडेपाच. तुम्ही १० तारखेला रात्री ९ वाजता गच्चीवर जाता, तेव्हा जागतिक वेळ असते १० तारखेची दुपारी साडेतीन. १० तारखेच्या ओळीपासून तुम्ही साडेपंधरा तास पुढे आहात, ११ तारखेच्या ओळीपासून फक्त साडेआठ तास मागे. तरी जवळपास सगळे जण १० तारखेचीच ओळ उचलतात, कारण कॅलेंडरवर १० तारीख असते.

याने किती फरक पडतो? प्रतियुतीच्या सुमारास हायजिया ताशी सुमारे ३० कोनीय सेकंद सरकतो, दिवसाला १२ कला (६० कला म्हणजे एक अंश). साडेपंधरा तासांत झाल्या जवळजवळ ८ कला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाचा चौथा भाग. रुंद क्षेत्राच्या नेत्रिकेत तो तरीही असेल, पण नकाशावर खूण केलेल्या जागी नसेल, आणि त्या जागी भलताच तारा असेल तर तोच हायजिया म्हणून वहीत नोंदला जाईल.

उपाय सोपा आहे. तक्ता मागतानाच मधलं अंतर एक तासाचं ठेवा आणि आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून ओळ वाचा. मध्यरात्रीनंतर निरीक्षण करत असाल तर जास्त सांभाळा. ११ तारखेच्या रात्री १ वाजता जागतिक वेळ अजून १० तारखेचीच असते.

आपलं गाव तक्त्यात घालायला विसरलो म्हणून चुकलं का, असंही विचारतात. मुख्य पट्ट्यातल्या पिंडाला त्याने फरक पडतो तो चार-पाच कोनीय सेकंदांचा, त्याची काळजी सोडा. क्षितिजापासूनची उंची मात्र गावानुसारच ठरते. तेवढ्यापुरतं गाव बरोबर असू द्या.

विषुवांश-क्रांती कोणत्या सालची?

संगणकावर चालणारी, सांगितलेल्या जागी आपोआप वळणारी गो-टू दुर्बीण वापरणाऱ्यांची ही सर्वात मोठी अडचण. तक्ते आणि तारकासूची विषुवांश-क्रांतीचे, म्हणजे आकाशातल्या रेखांश-अक्षांशांचे, आकडे २००० सालच्या चौकटीतले देतात. पण परांचनामुळे पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो आणि त्याबरोबर आकाशातली ही सगळी जाळी वर्षाला सुमारे ५० कोनीय सेकंद सरकते. पंचवीस वर्षांत झाल्या सुमारे २१ कला. दुर्बिणीच्या हँड कंट्रोलरमध्ये हाताने आकडे भरता तेव्हा अनेक मॉडेलं ते आजच्या तारखेचे आहेत असं धरतात. तुम्ही २००० सालचे भरलेत, तर दुर्बीण अगदी इमानदारीने चंद्राच्या दोन-तृतीयांश व्यासाइतकी बाजूला जाऊन उभी राहते.

यात फसवं हे, की गुरू, शनी, मेसियरच्या वस्तू वगैरे सगळं व्यवस्थित मिळतं, कारण ते कंट्रोलरच्या स्वतःच्या यादीतून येतं आणि चौकट तो स्वतः बदलून घेतो. चुकतं फक्त हाताने भरलेलं. त्यामुळे ‘दुर्बीण तर बरोबर चालते आहे, मग हायजियाच का नाही’ असा समज होतो आणि दोष हायजियाच्या मंदपणावर जातो.

आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या स्टेलॅरियम या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या वस्तूवर टिचकी मारली की आकड्यांच्या दोन जोड्या दिसतात: एक जे २००० ची (२००० सालच्या चौकटीतली) आणि दुसरी त्या तारखेची. कंट्रोलरच्या माहितीपुस्तिकेत तो कुठली मागतो ते बघा आणि तीच भरा. पुस्तिका सापडत नसेल तर एक चाचणी करा. एखाद्या ठळक ताऱ्याचे, समजा मघाचे, दोन्ही आकडे आळीपाळीने भरून पाहा. ज्याने तारा मध्यभागी येईल ती जोडी बरोबर.

आणि शोधताना सर्वात कमी शक्तीची नेत्रिका लावा. आठ इंची, १२०० मिलिमीटर नाभी-अंतराच्या डॉब्सोनियनला २५ मिलिमीटरची साधी नेत्रिका लावली तर सुमारे एक अंशाचं क्षेत्र दिसतं. २१ कलांची चूक झाली तरी पिंड त्यात कडेला का होईना, असतो. १० मिलिमीटरची लावली की क्षेत्र २५ कलांवर येतं आणि तो बाहेर जातो. मंद वस्तू आहे म्हणून मोठी शक्ती लावायची ही सवय इथे नडते. आधी शोधा, मग शक्ती वाढवून पार्श्वभूमी काळी करून घ्या.

जुने कक्षाघटक आणि चुकीचा ‘१०’

तारामंडळाच्या सॉफ्टवेअरमध्ये लघुग्रहाची जागा कक्षाघटकांवरून (कक्षेचा आकार आणि दिशा सांगणाऱ्या आकड्यांवरून) काढली जाते, आणि ते घटक एका विशिष्ट तारखेचे असतात. गुरूच्या ओढीने कक्षा सतत किंचित बदलत असते. साधी सॉफ्टवेअर हे धरत नाहीत, म्हणून घटक जितके जुने तितकी जागा चुकते. स्टेलॅरियममध्ये सोलर सिस्टिम एडिटर नावाचं प्लगइन आहे, त्यातून मायनर प्लॅनेट सेंटरचे ताजे घटक उतरवता येतात. हंगामात एकदा हे केलं की पुरे.

दुसरी जागा म्हणजे नासाच्या जेपीएल या संस्थेची होरायझन्स सेवा. आकडेमोडीसाठी तिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही. पण तिथे नुसता १० हा क्रमांक सूर्याचा आहे! आज्ञा लिहून तक्ता मागवत असाल तर लघुग्रहासाठी क्रमांकानंतर अर्धविराम (;) द्यावा लागतो. प्रत उणे सव्वीसच्या पुढे दिसली तर समजून घ्या की तुम्ही काय मागवलं आहे.

नकाशा उलटा आहे

न्यूटोनियन दुर्बिणीत चित्र १८० अंशांनी फिरलेलं दिसतं. कागद उलटा धरला की जुळतं. अपवर्तक किंवा कॅसेग्रेनला डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा) लावलं असेल तर डावं-उजवं बदलतं, आणि कागद कितीही फिरवा, जुळत नाही. सॉफ्टवेअरमध्येच चित्र आडवं पलटवून छापा. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि मुख्य दुर्बीण वेगवेगळ्या तऱ्हेने उलटतात हेही ध्यानात असू द्या.

आता खरा प्रश्न: यातला हायजिया कोणता?

इथवर सगळं बरोबर केलंत तर नेत्रिकेत वीस-पंचवीस बिंदू दिसतील. पैकी एक तो आहे.

सर्रास वापरली जाणारी युक्ती म्हणजे नकाशात नसलेला तारा शोधणे. ही युक्ती धोक्याची आहे. स्टेलॅरियमची मूळ तारकासूची साडेदहाव्या प्रतीच्या आसपास थांबते, पुढच्या सूची वेगळ्या उतरवाव्या लागतात. तुमची आठ इंची दुर्बीण त्याच्या पलीकडचे कितीतरी तारे दाखवते. त्यामुळे ‘जास्तीचा’ तारा एक नसतो, पाच-सात असतात, आणि डोळा त्यातला सोयीचा निवडतो. निदान बाराव्या प्रतीपर्यंतचा नकाशा घ्या, एक अंश रुंदीचा, आणि त्यावर हायजियाची खूण छापूच नका. खूण दिसली की मन आधीच निकाल देऊन मोकळं होतं.

वहीत वर्तुळ काढा, दिसतात ते बिंदू पेन्सिलने मांडा, तेजाप्रमाणे लहान-मोठे. दुसऱ्या दिवशी त्याच भागाचं पुन्हा रेखाटन करा. प्रतियुतीच्या जवळ असाल तर एक बिंदू १२ कला पश्चिमेकडे गेलेला दिसेल. इतकं सरकणं ओळखायला कसलीही तालीम लागत नाही. दुसरी रात्र मिळणार नसेल, तर त्याच रात्री तीन-चार तासांनी पुन्हा बघा. दीड-दोन कलांचा फरक पडलेला असतो, जवळ एखादा संदर्भतारा असला तर तोही कळतो. ही खात्री झाल्याशिवाय ‘हायजिया पाहिला’ असं मी तरी लिहीत नाही, आणि दुसऱ्यानेही लिहू नये असं माझं मत आहे.

एक अपवाद. प्रतियुतीच्या साधारण दीड-पावणेदोन महिने आधी आणि नंतर हायजिया स्तंभी होतो: वक्री होताना किंवा मार्गी होताना ताऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ थांबतो. त्या आठवड्यात दोन रात्रींची रेखाटनं सारखीच येतात आणि लोक खरा हायजियाच खोडून टाकतात. अशा वेळी दोन रेखाटनांत आठवड्याभराचं अंतर ठेवा.

कॅमेरा वापरणाऱ्यांचं काम सोपं असायला हवं, पण तिथे हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचे सदोष, कायम चमकणारे ठिपके, फसवतात. असा पिक्सेल सेन्सरवर एकाच जागी असतो. दुर्बिणीचा माउंट हळूहळू सरकत असेल तर ताऱ्यांवर जुळवलेल्या चित्रांत तो पिक्सेल मात्र चालताना दिसतो, अगदी लघुग्रहासारखा. चित्रं जुळवण्याआधीच्या मूळ फ्रेम उघडा. ठिपका प्रत्येक फ्रेममध्ये त्याच पिक्सेलवर असेल तर तो आकाशातला नाही. शिवाय वेग मोजा. ताशी ३० कोनीय सेकंदांच्या आसपास येत नसेल आणि तुम्ही प्रतियुतीच्या जवळ असाल, तर तो दुसरा कोणी आहे. दुसरा लघुग्रह असणंही शक्य आहे, कारण क्रांतिवृत्ताच्या (आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या) पट्ट्यात त्यांची वाण नाही.

मे की नोव्हेंबर

हायजियाची कक्षा थोडी लंबगोल आहे. सूर्यापासूनचं अंतर २.७९ ते ३.४९ खगोलीय एकक असं बदलतं. उपसूर्य बिंदू, म्हणजे कक्षेतली सूर्याच्या सर्वात जवळची जागा, तूळ-वृश्चिकेच्या दिशेला आहे, त्यामुळे मेच्या आसपास येणाऱ्या प्रतियुतीत तो नवव्या प्रतीच्या जवळ पोचतो. नोव्हेंबरातल्या प्रतियुतीत तो वृषभेच्या बाजूला असतो आणि दहाच्या खाली घसरतो. फरक एका प्रतीचा, म्हणजे अडीच पट प्रकाशाचा.

आपल्याकडे गंमत अशी, की तेजस्वी प्रतियुती वळवाच्या ढगांत आणि मेच्या धुरकट हवेत सापडते, तर मंद प्रतियुती पावसाने धुतलेल्या स्वच्छ आकाशात. त्यातून मेमध्ये वृश्चिकेजवळ आकाशगंगेची ताऱ्यांची गर्दी सुरू होते. प्रतियुती दर वेळी अडीच महिन्यांनी पुढे जात असल्याने एखादी जून ते सप्टेंबरात पडतेच. ती सोडून द्या. माझ्या मते महाराष्ट्रातून सर्वात सोपी प्रतियुती फेब्रुवारी-मार्चची: तारे विरळ, हवा कोरडी, आणि प्रत अगदी वाईट नाही. १०×५० च्या द्विनेत्रीने प्रयत्न करायचा असेल तर मात्र एप्रिल-मेचीच वाट पाहावी लागेल, आणि त्यासाठी शहर सोडावं लागेल.

प्रतियुतीच्या दिवसाचा हट्टही सोडा. हायजियाची कक्षा क्रांतिवृत्ताशी फक्त ३.८ अंशांचा कोन करते आणि प्रतियुतीत तो सूर्याच्या समोर असतो. पौर्णिमेचा चंद्रही तिथेच असतो. प्रतियुती पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस अलीकडे-पलीकडे असेल तर चंद्र त्याच्या शेजारीच येऊन बसतो. दहा-बारा दिवस सरकून अमावास्येच्या रात्री बघितलंत तर दोन-तीन दशांश प्रत गमावता, पण काळं आकाश मिळतं. हा सौदा फायद्याचा आहे.

प्रकाशवक्र काढणाऱ्यांसाठी

ज्यांना तो सापडतो त्यांची पुढची तक्रार ठरलेली असते: स्वतःभोवती फिरण्याचा काळ कुठे १३.८ तास, कुठे २७.६ तास लिहिलेला असतो. आमचं उत्तर दुप्पट किंवा निम्मं का येतं?

जुन्या तक्त्यांत २७.६ तास आहे. बहुतेक लघुग्रह लांबोडके असतात, त्यामुळे एका फेरीत दोनदा जास्त आणि दोनदा कमी प्रकाश दिसतो. प्रकाशवक्रात (वेळेनुसार बदलतं तेज दाखवणाऱ्या आलेखात) दोन शिखरं म्हणजे एक फेरी, असं गृहीत धरायची पद्धत त्यातूनच आली. हायजिया मात्र जवळजवळ गोल निघाला. २०१७-१८ मध्ये व्हीएलटीच्या स्फिअर उपकरणाने घेतलेल्या चित्रांवरून २०१९ साली हे स्पष्ट झालं आणि काळ निम्मा, १३.८ तास ठरला. गोल पिंडाच्या प्रकाशातला चढउतार पृष्ठभागावरच्या फिकट-गडद भागांमुळे येतो, आणि एका फेरीत एकच शिखर येऊ शकतं. पिंड इतका गोल असणं शास्त्रज्ञांनाही अनपेक्षित होतं, कारण हायजियावर कधीकाळी प्रचंड धडक बसली होती आणि त्यातून उडालेल्या तुकड्यांचं हजारोंचं कुटुंब आजही त्याच्या सोबतीने फिरतं. त्या धडकेचा मोठा खड्डा मात्र चित्रांत सापडला नाही.

तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये दोन शिखरांची अट घातलेली असेल तर ती काढा आणि दोन्ही काळांवर आपली मोजमापं घडी घालून (वेगवेगळ्या फेऱ्यांची मोजमापं एकावर एक ठेवून) पाहा. २७.६ तासांवर घातलेल्या वक्राचे दोन्ही अर्धे भाग सारखेच दिसले, तर १३.८ खरा. चढउतार लहान असतो, एखाद-दोन दशांश प्रतींचा, म्हणून क्षितिजाजवळची मोजमापं सरळ बाजूला ठेवा. एका गावातून एका रात्रीत फेरीचा निम्मा भागच हाती लागतो, आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळी पुढचा वेगळाच भाग समोर असतो. सलग चार-पाच रात्री मिळाल्याशिवाय घडी नीट बसत नाही.

एवढं करूनही सापडला नाही, तर मदत मागताना या गोष्टी लिहा: भारतीय वेळेनुसार तारीख आणि तास, दुर्बिणीचं नाभी-अंतर, नेत्रिका, डायगोनल होतं की नव्हतं, आकडे कुठून घेतले आणि कोणत्या सालच्या चौकटीतले. सोबत रेखाटनाचा फोटो जोडा, कितीही वेडंवाकडं असलं तरी चालेल. ‘दिसत नाही’ एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही.